हॉल थ्रस्टरमधल्या आयनांचा वेग मोजायचाय? आधी शून्य पक्कं करा

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात जे सगळं तोंडी सांगावं लागतं ते एकदाचं लिहून काढतोय, कारण दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं आणि मग पोरं तीन दिवस रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतात. बीएस्सी-एमएस्सीचं फिजिक्स झालेलं असेल तर सगळं कळेल, इंजिनिअरिंगवाल्यांनाही कळेल, फक्त घाई करू नका.

आधी हे मोजायचंच कशाला ते बघू. हॉल थ्रस्टर म्हणजे गॅसचे आयन करून ते विजेच्या जोरावर मागे फेकणारं उपग्रहाचं इंजिन. त्यातला एसपीटी-१०० घ्या, रशियन डिझाइन, या क्षेत्रात सगळे त्याचंच उदाहरण देतात. ३०० व्होल्ट, ४.५ अँपिअर, म्हणजे १३५० वॅट, आणि जोर किती तर ८३ मिलीन्यूटनच्या आसपास. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं तळहातावर ठेवलं तर जेवढं वजन लागतं ना, साधारण तेवढाच. पण हा जोर हजारो तास लावता येतो आणि गॅस खूप कमी लागतो म्हणून १९७१ च्या डिसेंबरात सोडलेल्या सोव्हिएत मेटिओर उपग्रहापासून ते २०२३ मध्ये निघालेल्या सायकी यानापर्यंत याच जातीचे थ्रस्टर वापरात आहेत, आणि आपल्या इस्रोनेही मे २०१७ च्या जीसॅट-९ वर झेनॉनवर चालणारं इलेक्ट्रिक प्रॉपल्शन नेलं होतं.

आता गणित बघा. एकदा आयनित झालेला झेनॉनचा अणू ३०० व्होल्ट पूर्ण उतरला तर त्याचा वेग होतो साधारण २१ किलोमीटर प्रति सेकंद. पण एसपीटी-१०० चा स्पेसिफिक इम्पल्स, म्हणजे गॅसच्या वजनाच्या मानाने किती जोर मिळतो त्याचं माप, आहे १६०० सेकंद, त्याला ९.८१ ने गुणलं की सरासरी वेग येतो १५.७ किलोमीटर प्रति सेकंद. मधले पाचेक किलोमीटर गेले कुठे? काही झेनॉन आयन न होताच बाहेर पडला, काही आयन भिंतीवर आपटले, काही तिरके गेले, काहींना पूर्ण व्होल्टेज मिळालंच नाही. थ्रस्ट स्टँड, म्हणजे जोर मोजणारा काटा, तुम्हाला फक्त बेरीज सांगतो, त्यातलं कुठलं कारण किती मोठं ते सांगत नाही. ते शोधायचं असेल तर आयनांचा वेग जागेजागी मोजावाच लागतो.

कुठली पद्धत घ्यायची

तीन पद्धती नेहमीच्या आहेत. पहिली आरपीए, म्हणजे रिटार्डिंग पोटेन्शियल अॅनालायझर. एका डबीत एकामागे एक बारीक जाळ्या, त्यातली एक इलेक्ट्रॉन परतवायला निगेटिव्ह, दुसरीवर पॉझिटिव्ह व्होल्टेज शून्यापासून वर चढवत न्यायचं आणि मागच्या प्लेटवर किती करंट येतो ते बघायचं. व्होल्टेज वाढलं की कमी ऊर्जेचे आयन परत फिरतात, करंट पडतो, त्या पडणाऱ्या रेषेचा उतार काढला की आयनांची ऊर्जा कशी वाटली गेलीये ते समजतं. स्वस्त आहे, दणकट आहे, आणि सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. मर्यादा दोन. ती ऊर्जा भागिले चार्ज मोजते, त्यामुळे एक इलेक्ट्रॉन गमावलेला आयन आणि दोन गमावलेला आयन तिला सारखेच दिसतात, जरी दुसऱ्याचा वेग वर्गमूळ दोन पट असला तरी. आणि ती डबी थ्रस्टरच्या तोंडात घुसवता येत नाही, लांब झोतातच ठेवावी लागते.

दुसरी, ई-क्रॉस-बी प्रोब. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात लावून ठराविक वेगाचेच आयन सरळ जाऊ द्यायचे. यात एकदा, दोनदा, तीनदा आयनित झालेल्यांची शिखरं वेगवेगळी पडतात, म्हणून कुणाचा वाटा किती हे काढायला हीच वापरतात. पण हीसुद्धा लांबूनच.

तिसरी लेझर इंड्यूस्ड फ्लुरोसन्स, सगळे एलआयएफ म्हणतात. चॅनेलच्या, म्हणजे थ्रस्टरमधल्या वर्तुळाकार खाचेच्या आत, जिथे आयन प्रत्यक्षात वेग घेतायत तिथे, प्लाझ्माला धक्का न लावता मोजायचं असेल तर खरा पर्याय हाच, आणि महागडा आणि चिडवणाराही हाच. बाकीचा लेख याच्यावरच आहे.

कल्पना साधी आहे

रेल्वे फाटकावर उभे असताना गाडी जवळ येते तेव्हा भोंगा चढा लागतो, जाते तेव्हा उतरतो, तोच डॉप्लर. आयन लेझरच्या दिशेने धावत येत असेल तर त्याला लेझरची फ्रीक्वेन्सी असते त्यापेक्षा जास्त भासते, म्हणून त्याला हवी ती फ्रीक्वेन्सी मिळावी यासाठी आपण लेझर थोडा खाली ट्यून करायचा. जिथे आयन प्रकाश शोषून चमकला तिथे थांबायचं, आणि स्थिर आयनासाठी जी फ्रीक्वेन्सी लागली असती तिच्यापासून आपण किती सरकलो ते बघायचं. सरकलेली फ्रीक्वेन्सी गुणिले वेव्हलेंथ बरोबर वेग, एवढंच सूत्र.

झेनॉन आयनासाठी नेहमीची रेषा ८३४.७ नॅनोमीटरची, जवळजवळ न दिसणारा गडद लाल. आयन ती शोषतो आणि ५४१.९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतो. शोषलेला लाल आणि सोडलेला हिरवा हे फार सोयीचं आहे, कारण भिंतीवरून परतलेला लेझर फिल्टरने सहज अडवता येतो. क्रिप्टॉन वापरत असाल तर ७२९ च्या आसपास शोषण आणि ४७३.९ ला निळी चमक. क्रिप्टॉन हलका, ३०० व्होल्टला २६ किलोमीटर प्रति सेकंदापर्यंत जातो, त्यामुळे स्कॅनही मोठा लागतो.

एक आकडा पाठ करा. ८३४.७ च्या रेषेवर १ गिगाहर्ट्झ म्हणजे ८३५ मीटर प्रति सेकंद. म्हणजे २० किलोमीटर प्रति सेकंदाला साधारण २४ गिगाहर्ट्झ. तुमचा डायोड लेझर मोड-हॉप न करता, म्हणजे मध्येच दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर उडी न मारता, निदान ३० गिगाहर्ट्झ सरकतो का हे विकत घेण्याआधी बघा, नंतर बघून उपयोग नाही.

पहिली पायरी: शून्य

माझं सगळं सांगणं खरं तर इथेच आहे. आपण वेग मोजत नाही, आपण फरक मोजतो. फरकाचं एक टोक म्हणजे स्थिर आयनाची फ्रीक्वेन्सी, आणि ते टोक हललं तर दुसरं टोक कितीही काळजीने मोजा, उत्तर चुकलेलंच असणार.

नवीन माणसाची पहिली चूक हवा आणि व्हॅक्यूमची. जुन्या तक्त्यांमधले ८३४.७२ नॅनोमीटर ही हवेतली वेव्हलेंथ आहे, व्हॅक्यूममधली ८३४.९५ आहे, आणि वेव्हमीटर, म्हणजे लेझरची वेव्हलेंथ मोजणारं यंत्र, बहुतेक वेळा व्हॅक्यूमचा आकडा दाखवतो. फरक दिसायला पाव नॅनोमीटरपेक्षा कमी, पण फ्रीक्वेन्सीत तो जवळपास ९९ गिगाहर्ट्झ होतो, वेगाच्या भाषेत ८२ किलोमीटर प्रति सेकंद! तेवढ्या वेगाचे आयन तुमच्या थ्रस्टरमध्ये नाहीतच, त्यामुळे सिग्नल येत नाही आणि माणूस अलाइनमेंटला दोष देत बसतो. वेव्हमीटरची सेटिंग उघडा, हवा की व्हॅक्यूम ते बघा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरं, फक्त वेव्हमीटरवर विसंबू नका. लेझरचा थोडा भाग काढून झेनॉन भरलेल्या होलो कॅथोड दिव्यातून न्या. लेझर योग्य फ्रीक्वेन्सीवर आला की दिव्याचा करंट किंचित बदलतो, त्याला ऑप्टोगॅल्व्हॅनिक सिग्नल म्हणतात. आयनाच्या रेषेच्या शेजारी, साधारण १८ गिगाहर्ट्झ वरच्या बाजूला, साध्या झेनॉन अणूची एक रेषा आहे, ती दिव्यात ठसठशीत दिसते आणि ते अणू दिव्यात सरासरी स्थिरच असतात. तोच तुमचा मैलाचा दगड. प्रत्येक स्कॅनबरोबर तो रेकॉर्ड करा. सकाळी एकदा नाही, प्रत्येक स्कॅनबरोबर.

हे एवढं ठासून का सांगतोय तर मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षी मी सकाळी एकदा संदर्भ रेषा घेतली आणि दिवसभर वेव्हमीटरच्या भरवशावर अॅनोडजवळचे, म्हणजे चॅनेलच्या तळाशी असलेल्या पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडजवळचे, वेग मोजले. तिथे आयन अगदी हळू असतात, काही ठिकाणी उलटे अॅनोडकडेही जातात, हे माहीत होतं, आणि मला प्रत्येक बिंदूवर अडीचशे मीटर प्रति सेकंदाचा उलटा प्रवाह मिळत होता. मी खूष, रात्री ग्राफ काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी सहज दिवा लावून बघितला तर शून्य ३०० मेगाहर्ट्झ सरकलेलं, दुपारी खोलीचा एसी बंद झाला होता तेव्हाच कधीतरी. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे बरोबर अडीचशे मीटर प्रति सेकंद. उलटा प्रवाह नव्हताच, ती माझ्या खोलीची गरमी होती. पूर्ण दिवसाचा डेटा टाकून द्यावा लागला, झेनॉन गेला तो वेगळाच, आणि तो गॅस किती महाग असतो हे बिल बघितलेल्याला विचारा.

झोतात बाहेर मोजताना ही चूक लपून जाते. १९ किलोमीटर प्रति सेकंदाला १०० मेगाहर्ट्झची चूक म्हणजे ऊर्जेत फक्त २ व्होल्टच्या आसपास, कुणाच्या लक्षातही येत नाही. अॅनोडजवळ मात्र तीच चूक दिशाच बदलून टाकते.

टेबलावरची मांडणी आणि अलाइनमेंट

लेझर, मग मोड तपासायला एटलॉन, मग चॉपर, मग फायबर, चेंबरच्या आत लेन्स. दुसऱ्या बाजूने गोळा करणारी लेन्स, फायबर, मोनोक्रोमेटर किंवा ५४२ चा अरुंद फिल्टर, फोटोमल्टिप्लायर, आणि लॉक-इन अॅम्प्लिफायर. लॉक-इन लागतोच, कारण प्लाझ्मा स्वतःही त्याच ५४१.९ वर चमकत असतो आणि तो उजेड तुमच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकीत एकाच माणसाची टाळी ऐकायची तसं. चॉपरने लेझर सेकंदाला एक-दोन हजार वेळा बंद-चालू करायचा आणि लॉक-इनला सांगायचं, फक्त याच तालातलं ऐक. चॉपरची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या पटीत ठेवू नका, लाइटच्या वायरिंगचा गोंगाट नेमका तिथेच बसलेला असतो.

अलाइनमेंट चेंबर उघडा असतानाच. थ्रस्टरच्या तोंडाशी, चॅनेलच्या मध्यावर, एक बारीक टाचणी उभी करतो आम्ही. खोलीतले दिवे बंद. लेझर टाचणीच्या टोकावर आणायचा, ८३४ डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून इन्फ्रारेड कार्ड हातात. मग गोळा करणाऱ्या फायबरच्या बाहेरच्या टोकातून उलटा हिरवा प्रकाश सोडायचा, म्हणजे ती लेन्स नेमकं कुठे बघतेय ते टाचणीवर हिरव्या ठिपक्याने दिसतं. दोन्ही ठिपके टाचणीच्या त्याच टोकावर एकमेकांवर बसले पाहिजेत. अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी नंतर सिग्नल शून्य, आणि तेव्हा चेंबर बंद असतो आणि पुन्हा उघडायचं म्हणजे दिवस गेला. टाचणी काढायला विसरू नका हेही सांगून ठेवतो, तीनतीनदा बघा.

हलवायचं काय? थ्रस्टर. ऑप्टिक्स जागेवर राहू द्या आणि थ्रस्टर स्टेजवर मागेपुढे करा, म्हणजे दोन ठिपक्यांची जुळणी मोडत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून: न दिसणारा लेझर दिसणाऱ्यापेक्षा जास्त घातक असतो कारण डोळा मिटत नाही, त्यामुळे योग्य वेव्हलेंथचा गॉगल घातल्याशिवाय टेबलाजवळ जायचं नाही, अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं, आणि थ्रस्टरची ३०० व्होल्टची लाइन चालू असताना एकट्याने वायरला हात लावायचा नाही.

थ्रस्टर चालू, आता धीर धरा

पेटवल्यावर लगेच मोजू नका. भिंती तापेपर्यंत डिस्चार्ज करंट सरकत राहतो, सिरॅमिकमधला ओलावा बाहेर पडत असतो, चुंबकाच्या कॉइल तापतात, सगळी रचना थोडी प्रसरण पावते. मी निदान दोन तास थांबतो. चेंबरचं प्रेशर लिहून ठेवा, कारण मागे उरलेला गॅस जास्त असेल तर वेग घेण्याची जागाच सरकते आणि तुमचे आकडे दुसऱ्या लॅबशी जुळत नाहीत.

मग स्कॅन. लेझर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकवा, लॉक-इनचा टाइम कॉन्स्टंट १ सेकंद असेल तर प्रत्येक पायरीवर चार-पाच सेकंद तरी थांबा, नाहीतर शिखर सरकण्याच्या दिशेला ओढलं जातं आणि वेग खोटा येतो. खात्री करायची असेल तर तोच स्कॅन उलट्या दिशेने घ्या, दोन्ही शिखरं एकाच जागी आली पाहिजेत.

त्यानंतर सॅच्युरेशन तपासा. लेझरची पॉवर निम्मी करा. सिग्नल निम्मा झाला तर ठीक, जेमतेमच कमी झाला तर तुम्ही आयनांना गरजेपेक्षा जास्त प्रकाश पाजताय, शिखर खोटंच रुंद होतंय आणि त्यावरून काढलेली वेगाची पसरण चुकणार. हे सगळे टाळतात कारण कमी पॉवरला सिग्नल घोगरा येतो. टाळू नका.

आणि एक भूत असतं ते ओळखून ठेवा. लेझर समोरून चॅनेलमध्ये शिरतो, अॅनोडवर आपटतो आणि काही भाग परत फिरतो. तो परतीचा प्रकाश आता आयनांच्या दिशेनेच जातोय, त्यामुळे खऱ्या शिखराचं प्रतिबिंब शून्याच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर उमटतं. बाहेर वेगवान झोतात ते इतकं लांब पडतं की स्कॅनमध्ये येतच नाही, पण अॅनोडजवळ, जिथे वेग कमी, तिथे ते खऱ्या शिखराला चिकटून उलट्या आयनांचं सोंग आणतं. लेझर किंचित तिरका करून बघा, भूत असेल तर लहान होतं. पण ते स्पष्ट दिसत असेल तर पुसू नका, उपयोगी पडतं: खरं शिखर आणि भूत यांच्या बरोबर मध्यावर शून्य असतं, दिव्याकडून आलेलं शून्य पडताळायला याच्यासारखी फुकटची सोय नाही.

आकड्यातून अर्थ

समजा थ्रस्टरच्या तोंडापासून थोडं बाहेर शिखर शून्याच्या २३ गिगाहर्ट्झ खाली मिळालं. ८३५ ने गुणलं, वेग १९.२ किलोमीटर प्रति सेकंद. ऊर्जा काढली तर साधारण २५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. डिस्चार्ज ३०० चा होता, मग ४९ कुठे राहिले? काही व्होल्ट कॅथोडशी जुळवण्यात जातात, काही झोताच्या स्वतःच्या पोटेन्शियलमध्ये, आणि जो आयन उताराच्या मध्येच जन्मला त्याला वरचा भाग मिळालाच नाही. शिखराला कमी वेगाच्या बाजूला शेपूट दिसते ती याच उशिरा जन्मलेल्यांची. म्हणून फक्त शिखराची जागा लिहून थांबू नका, पूर्ण आकार जपून ठेवा. त्या आकारात झेनॉनच्या नऊ आयसोटोपांची आणि चॅनेलच्या आत चुंबकीय क्षेत्रामुळे रेषा फुटण्याचीही भर असते, त्यामुळे रुंदीवरून तापमान सांगायची घाई नको.

असं मिलीमीटर-मिलीमीटर करत अॅनोडपासून बाहेरपर्यंत गेलात की वेगाची रेषा आधी सपाट, मग एकदम चढ, मग परत सपाट दिसते. त्या चढावरून विद्युत क्षेत्र काढता येतं, आणि नवीन मुलांना हमखास आश्चर्य वाटतं की चढाचा बराच भाग थ्रस्टरच्या तोंडाबाहेर असतो. चढ बाहेर असला तर भिंत कमी झिजते, आत असला तर जास्त, थ्रस्टर किती हजार तास टिकणार याचा अंदाज बांधायला ही रेषा लागते ती यासाठी.

दोन गोष्टी लक्षात ठेवून निष्कर्ष काढा. लेझर ज्या दिशेने जातो त्याच दिशेचा वेग दिसतो, तिरकेपणा हवा असेल तर दुसरा लेझर आडवा लागेल. आणि हॉल थ्रस्टरचा करंट सेकंदाला दहा ते तीस हजार वेळा खालीवर होत असतो, श्वास घेतल्यासारखा, लॉक-इन त्याची सरासरी काढतो. तो श्वास टिपायला वेगळी, वेळेशी बांधलेली मांडणी लागते, पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका.

शेवटी तेच आरपीए झोतात ठेवून एक रेषा घ्या, आणि तिच्या आकड्यातून तिथलं प्लाझ्मा पोटेन्शियल वजा करायला विसरू नका, ते साधारण १० ते २० व्होल्ट असतं. एलआयएफच्या सगळ्यात बाहेरच्या बिंदूची ऊर्जा आणि आरपीएचं शिखर दहा-पंधरा व्होल्टच्या आत जुळलं तर पुढच्या बिंदूकडे जा. पन्नास व्होल्टचा फरक आला तर थ्रस्टरला हात लावायच्या आधी झेनॉनचा दिवा लावा आणि शून्य कुठे आहे ते बघा.